वसतिगृहातून कोणी बाहेर पडायचं? जातीय छळाच्या एका तक्रारीचा प्रकरण अभ्यास

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात गेल्या काही वर्षांत घडलेलं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून महाविद्यालयाचं नाव आणि शाखा गाळली आहे, काही किरकोळ तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावं दिलेली नाहीत. रॅगिंगविरोधी समितीवर युवकांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी असावा लागतो. त्या जागेवर मी होते, त्यामुळे बैठका आणि कागदपत्रं मी जवळून पाहिली. विद्यार्थ्याशी आणि त्याच्या वडिलांशी नंतर सविस्तर बोलणं झालं आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे.

पार्श्वभूमी

मुलगा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्याचा, पावरा या आदिवासी समाजाचा. घरची भाषा पावरी. दहावीपर्यंत आश्रमशाळेत शिकला, अकरावी-बारावी शहाद्याला. घरातून अभियांत्रिकीला जाणारा तो पहिलाच. प्रवेश शेवटच्या फेरीत मिळाला, तोपर्यंत आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहातल्या जागा भरलेल्या होत्या. म्हणून महाविद्यालयाच्या आवारातलं वसतिगृह घेतलं. तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळी इमारत नव्हती. दुसऱ्या वर्षाची मुलं त्याच मजल्यावर राहत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार नवीन मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवायचं असतं, दर सहा नवीन मुलांमागे एक मार्गदर्शक विद्यार्थी नेमायचा असतो आणि पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नाव न विचारता पाहणी करायची असते. या महाविद्यालयात समिती होती, फलक होते, प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी-पालकांची प्रतिज्ञापत्रं घेतलेली होती. पाहणी एकदाच झाली, तीही वर्गात, प्राध्यापक समोर उभे असताना. मार्गदर्शकांची यादी तयार होती, पण त्या यादीतल्या कोणीही या मुलाला कधी भेटलं नव्हतं. समान संधी कक्ष २०१२ च्या विनियमांप्रमाणे स्थापन झालेला होता. भेदभावविरोधी अधिकारी म्हणून ज्यांचं नाव फलकावर होतं, ते प्राध्यापक वर्षभरापूर्वी निवृत्त झाले होते.

काय घडत गेलं

सुरुवात ‘इंट्रो’ने झाली. रात्री जेवणानंतर दुसऱ्या वर्षाच्या तिघांच्या खोलीत जायचं, नाव-गाव सांगायचं, सीईटीचे पर्सेंटाइल सांगायचे. पर्सेंटाइल सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग इथे कसा?’ उत्तर त्यांना माहीत असायचंच. ‘सरकारी जावई’ हे नाव त्याला पहिल्याच आठवड्यात पडलं आणि मेसच्या रांगेतही त्याच नावाने हाक येऊ लागली.

दिवाळीनंतर तिघांना वेगळा विषय मिळाला. त्याला पावरीत बोलायला लावायचं, गाणं म्हणायला लावायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि मजल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. त्या ग्रुपवर सत्तरच्या आसपास मुलं होती. कोणी हसण्याचे इमोजी टाकले, बहुतेक गप्प राहिले. मुलाने नंतर मला सांगितलं की मारापेक्षा हे जास्त लागलं, कारण ती गाणी होळीची होती. सातपुड्यात दिवाळीपेक्षा होळी मोठी. घरची माणसं वर्षभर ज्या दिवसांची वाट पाहतात, त्या दिवसांची गाणी.

खोलीतल्या सोबत्याने डिसेंबरमध्ये रेक्टरांच्या कानावर घातलं. ‘थोडी मस्करी चालायचीच, त्याला म्हणावं मिसळायला शीक,’ असं उत्तर मिळालं. याची कुठेही नोंद झाली नाही.

जानेवारीत एका रात्री जिन्यावर त्याला अडवून पुन्हा गायला सांगितलं. या वेळी त्याने पहिल्यांदाच ‘नाही’ म्हटलं. जातीवरून शिव्या झाल्या, ढकलाढकली झाली, तो सात-आठ पायऱ्या खाली पडला आणि उजवं मनगट मोडलं. जिन्यावर त्या वेळी आणखी चार-पाच मुलं होती. दवाखान्यात त्याने ‘बाथरूममध्ये घसरलो’ असं सांगितलं आणि केसपेपरवर तेच लिहिलं गेलं.

तक्रार कोणी द्यायची

इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकाला तो प्लास्टर घातलेला हात घेऊन बसला होता. शिक्षिकेने शीट पुढे ढकलायची परवानगी दिली आणि सहज चौकशी केली. तो काही बोलला नाही. शेजारी बसलेला सोबती तास संपल्यावर मागे थांबला आणि त्याने सगळं सांगितलं.

त्या शिक्षिका मुलाला घेऊन प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी मुलाला विचारलं, ‘तुला तक्रार द्यायची आहे का?’ तो म्हणाला, ‘नको सर, मला फक्त शिकायचंय.’ लेखी तक्रार नाही म्हणजे प्रकरण नाही, या समजुतीवर ते तिथेच थांबलं असतं. शिक्षिकेने त्याच दिवशी स्वतःच्या सहीने तक्रार दिली. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक कायदा, १९९९ नुसार विद्यार्थी, त्याचे पालक किंवा संस्थेतला शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार देऊ शकतो. अशी तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. यात कसूर केली तर रॅगिंगला चिथावणी दिल्याचा गुन्हा खुद्द संस्थाप्रमुखावर लागतो.

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो कोणत्याही समितीने घेतलेला नव्हता. अठरा वर्षांचा मुलगा, घरापासून शेकडो किलोमीटर लांब, हात मोडलेला, आणि ज्या तिघांनी हे केलं त्यांच्याच मजल्यावर झोपायचं आहे. अशा मुलाला ‘तुला तक्रार द्यायची आहे का’ हा प्रश्न केबिनमध्ये विचारला की उत्तर ‘नको’ असंच येणार. शिक्षिकेने ते ओझं स्वतःकडे घेतलं. ती सही करताना त्यांची नोकरी कंत्राटी होती.

पहिला चुकीचा निर्णय

तक्रार आली त्या संध्याकाळी रेक्टर आणि उपप्राचार्यांनी मिळून ‘सुरक्षेसाठी’ मुलाला वसतिगृहातून हलवून अतिथीगृहात ठेवलं. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण परिणाम काय झाला ते पाहा. अतिथीगृह आवाराच्या दुसऱ्या टोकाला. मेस लांब, वायफाय नाही, संगणक कक्षातून परत यायला अंधारातला रस्ता. अभ्यास सोबत्याबरोबर व्हायचा, तो बंद झाला. आणि सकाळी सगळ्या मजल्याला दिसलं ते एवढंच, की ज्याच्याबद्दल तक्रार झाली ते तिघं आपापल्या खोलीत आहेत आणि ज्याचा हात मोडला त्याची कॉट रिकामी आहे. साक्ष देऊ शकणारी जी चार-पाच मुलं जिन्यावर होती, त्यांनी यातून जो अर्थ घ्यायचा तो घेतला. पुढचे तीन दिवस कोणीही बोलायला तयार होईना.

पीडिताला हलवण्याला कायद्यात कुठेही आधार नाही. १९९९ चा कायदा आरोपीला निलंबित करायला सांगतो आणि २००९ चे विनियमही वसतिगृहातून काढण्याची कारवाई दोषीवर ठेवतात. मुलाने स्वतः मागणी केली असती तर गोष्ट वेगळी. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

समितीच्या पहिल्या बैठकीत हा मुद्दा मी मांडला. प्रतिवाद असा झाला की चौकशीआधी तिघांना बाहेर काढलं तर तो त्यांच्यावर अन्याय होईल. ही शंका गैर नव्हती. म्हणून ठरलं ते असं: निष्कर्ष येईपर्यंत तिघांनी वसतिगृह सोडायचं, ही शिक्षा नाही असं पत्रात स्पष्ट लिहायचं, राहण्याची पर्यायी सोय महाविद्यालयाने करायची आणि निर्दोष ठरल्यास खोल्या परत द्यायच्या. मुलाला विचारून त्याच्या खोलीत परत आणलं. तोपर्यंत चार दिवस गेले होते. तिघं बाहेर पडले त्या रात्री जिन्यावरच्या दोन मुलांनी शिक्षिकेला फोन केला.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत तीन मार्ग चर्चेला आले.

पहिला, शिस्तभंगाचं प्रकरण म्हणून मिटवणं. माफीनामा, दंड, पालकांना समज. संस्थेच्या विश्वस्तांचा कल याकडे होता. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची भेट तोंडावर आली होती. तिघांपैकी एकाचे वडील गावातले वजनदार गृहस्थ. ते भेटायला आले तेव्हा त्यांना प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्ची मिळाली. मुलाचे वडील त्याच सकाळी रात्रभरचा एसटीचा प्रवास करून पोहोचले होते, ते बाहेर बाकावर बसून होते. त्यांना मराठी समजते, पण बोलताना अडखळतात. ‘पोरांचं आयुष्य बरबाद होईल’ हे वाक्य त्या दिवशी बऱ्याच वेळा उच्चारलं गेलं, आणि प्रत्येक वेळी ‘पोरं’ म्हणजे ते तिघंच होते.

दुसरा, रॅगिंग म्हणून पूर्ण कारवाई: चौकशी, निलंबन, पोलिसांत तक्रार. पण जातीचा उल्लेख न करता. ‘जात आणली की प्रकरण चिघळतं’ असा युक्तिवाद होता. वरकरणी हा मध्यममार्ग वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा. इंट्रोपासून जिन्यापर्यंत जे काही झालं, त्यातलं एकही वाक्य मुलाची जमात वगळून समजत नाही. आयोगाने २०१६ च्या दुरुस्तीत वंश, जात, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला शारीरिक किंवा मानसिक छळ रॅगिंगच्या व्याख्येतच घातलेला आहे. म्हणजे समितीने आपला अहवाल रॅगिंगपुरता ठेवला तरी जात लिहिणं भागच होतं.

तिसरा, रॅगिंगबरोबरच अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली घडलेल्या गोष्टी पोलिसांसमोर जशाच्या तशा ठेवणं. महाविद्यालयाच्या कायदेशीर सल्लागारांनी हरकत घेतली की वसतिगृह खासगी जागा आहे, ‘सार्वजनिक दृष्टिपथात’ ही अट पूर्ण होत नाही. जातीवाचक अपमानाच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) ला ही अट आहे, हे खरं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेला अपमान त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलेलं आहे. पण इथे जिना होता आणि इतर मुलं हजर होती. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३(२)(व्हीए) वेगळं आहे. व्यक्ती अनुसूचित जमातीची आहे हे माहीत असून तिला दुखापत केली, तर त्या कलमाला दृष्टिपथाची अट नाही. आणि हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत. कोणतं कलम टिकेल हे ठरवणं समितीचं काम नव्हतंच. घटना न गाळता लिहिणं एवढंच तिच्या हातात होतं.

मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला. बैठकीत प्राचार्यांनी स्वतःच तो विषय काढला आणि तिसऱ्या पर्यायाला मान्यता दिली. त्यांच्यावर दबाव होता आणि तरी त्यांनी हे केलं, याची नोंद इथे करायला हवी.

मुलाचं म्हणणं नोंदवताना

समितीत अकरा माणसं होती. त्यात पोलीस उपनिरीक्षक, स्थानिक पत्रकार, पालक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी प्रतिनिधी. लांबलचक टेबलाच्या टोकाला मुलाला बसवलं. तासभरात तो ‘हो’, ‘नाही’, ‘आठवत नाही’ यापलीकडे बोलला नाही. एका सदस्याने विचारलं, ‘तू आधी का नाही सांगितलंस?’ त्यानंतर तो पूर्णच गप्प झाला.

तिथे थांबायचा निर्णय अध्यक्षांनी घेतला, तो योग्य होता. दुसऱ्या दिवशी दोघींनीच, तक्रार देणारी शिक्षिका आणि मी, ग्रंथालयातल्या एका खोलीत त्याच्याशी बोललो. धडगावचाच एक माजी विद्यार्थी, आता शहरात नोकरी करणारा, शेजारी बसला. मुलगा पावरीत बोलला, माजी विद्यार्थ्याने मराठीत सांगितलं, लिहिलेलं पुन्हा पावरीत वाचून दाखवलं, मग सही. अडीच तास लागले. व्हिडिओंबद्दल, मेसमधल्या हाकांबद्दल, डिसेंबरमध्ये रेक्टरांना सांगितल्याबद्दल पहिल्यांदा नोंद झाली ती इथे.

व्हिडिओंपैकी बहुतेक तोवर ग्रुपवरून ‘सर्वांसाठी’ पुसले गेले होते. दोन सोबत्याच्या फोनमध्ये उतरलेले होते. ते फॉरवर्ड न करता फोन आहे तसा पोलिसांकडे द्यायचा, हे उपनिरीक्षकांनी सुचवलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण हाती असेल तर ते देणं सोपं जातं. जिन्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र मिळालं नाही. यंत्रणा पंधरा दिवसांनी जुनं पुसून नवं साठवत होती, आणि तक्रार येईपर्यंत ती मुदत संपत आली होती. त्या संध्याकाळी मुलाची कॉट हलवण्याऐवजी कोणी चित्रण उतरवून घेतलं असतं, तर मुलांच्या साक्षींवर एवढा भार पडला नसता.

कारवाई आणि निष्पत्ती

दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत जायचं, असं विनियम सांगतात. महाविद्यालय सहाव्या दिवशी गेलं. आधी दुखापत आणि रॅगिंगची कलमं लागली. मुलाचं जातवैधता प्रमाणपत्र प्रवेश विभागाच्या कपाटात होतंच. ते आणि सविस्तर जबाब दिल्यानंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमं वाढली आणि तपास नियमाप्रमाणे सहायक पोलीस आयुक्तांकडे गेला. खटला अजून चालू आहे, म्हणून त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

समितीने ढकलणाऱ्याला दोन सत्रांसाठी आणि व्हिडिओ काढणाऱ्याला एका सत्रासाठी महाविद्यालयातून काढलं. तिसऱ्याला वसतिगृहातून कायमचं काढलं. एकाने कुलगुरूंकडे अपील केलं, ते फेटाळलं गेलं. रेक्टर बदलले. डिसेंबरची माहिती त्यांनी वर का कळवली नाही, याची वेगळी चौकशी व्हावी अशी शिफारस आम्ही केली होती. संस्थेने ती केली नाही.

मुलगा मार्चमध्ये होळीला घरी गेला आणि महिनाभर परतला नाही. हजेरी ७५ टक्क्यांखाली आली. परीक्षेला बसता येणार नाही आणि शिष्यवृत्तीही अडेल, अशी स्थिती झाली. शिक्षिकेने पाठपुरावा करून तो काळ समितीच्या ठरावाने हजेरीत धरायला लावला. ग्राफिक्सचा विषय राहिला, बाकी सगळे सुटले. दुसऱ्या वर्षी त्याने वसतिगृह घेतलं नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वयम् योजनेतून मिळणाऱ्या रकमेवर गावाकडच्या दोघा मुलांबरोबर तो खोली करून राहतो. रक्कम उशिरा जमा होते, तेव्हा घरमालक थांबतो.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, डिसेंबर. सोबत्याचं तोंडी सांगणं ही ‘माहिती’ होती आणि विनियमांना लेखी तक्रारीची वाट पाहायची गरज नाही. रेक्टरांकडे नोंदवही असती आणि ती दर आठवड्याला प्राचार्यांच्या सहीसाठी जात असती, तर ‘मिसळायला शीक’ हे उत्तर देण्याआधी त्यांना विचार करावा लागला असता. आता तशी वही आहे.

पहिल्या चोवीस तासांत कोणी काय करायचं, याचा कागद आधीच तयार हवा. त्यात चार गोष्टी तरी असाव्यात: कॅमेऱ्याचं चित्रण उतरवणं, केसपेपरवरचं कारण तपासून डॉक्टरांकडे पुन्हा नेणं, पोलिसांना कळवणं, आणि आरोपींची पर्यायी सोय. ऐन वेळी दोन माणसं संध्याकाळी काय ठरवतील यावर हे सोडता येत नाही. इथे दवाखान्यातली खोटी नोंद शेवटपर्यंत अडचणीची ठरली.

पीडिताला पूर्ण समितीसमोर बसवणं थांबवायला हवं. दोन प्रशिक्षित माणसं, मुलाच्या विश्वासातलं एक माणूस आणि त्याची भाषा एवढं पुरतं. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत पावरी, भिली, कोरकू, गोंडी बोलणारे आजी-माजी विद्यार्थी असतात. त्यांची यादी कोणी ठेवलेली नसते.

पाहणीबद्दल एक वेगळं मत समितीत होतं. प्राचार्यांना वाटत होतं की नाव न विचारता केलेल्या पाहणीत खोट्या तक्रारी येतात. मी म्हणाले की पाहणी कोणाला शिक्षा करण्यासाठी नसतेच. कोणत्या मजल्यावर रात्री काय चालतं एवढं जरी कळलं तरी रॅगिंगविरोधी पथकाला अचानक भेट कुठे द्यायची हे समजतं. पुढच्या वर्षी पाहणी मोबाइलवर, वर्गाबाहेर आणि दर पंधरवड्याला झाली. दुसऱ्याच फेरीत एका मजल्याचं नाव वारंवार आलं, तिथे भेट दिली आणि प्रकरण मारहाणीपर्यंत जाण्याआधी थांबलं.

राहता राहिला खोलीतला सोबती. दोनदा सांगणारा तोच, फोन देणारा तोच. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम १५अ पीडिताबरोबर साक्षीदारांच्या संरक्षणाचीही जबाबदारी राज्यावर टाकतं. महाविद्यालयाने मात्र त्याच्यासाठी काहीच ठरवलं नव्हतं. मजल्यावर त्याला ‘खबऱ्या’ म्हणू लागले, प्रोजेक्टच्या गटात कोणी घेईना, फोन पोलिसांकडे अडकला आणि नवा घ्यायला घरी पैसे नव्हते. अखेर शिक्षकांनी वर्गणी काढून त्याला फोन घेऊन दिला. प्रोजेक्टचा गट विभागप्रमुखांनी लेखी आदेशाने बांधून दिला. समितीच्या आताच्या कार्यपद्धतीत साक्षीदारासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे: एक ठरलेला प्राध्यापक, खोली न बदलण्याची हमी, आणि पुरावा म्हणून वस्तू द्यावी लागली तर तिची भरपाई संस्थेच्या खात्यातून.